शेजारच्या सीटचा ब्रेक

१

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा एक पाय कामातून गेलेला असतो, असं बाई नेहमी म्हणायच्या. म्हणजे दिसायला धडधाकट असतो, दुखतखुपत काही नाही. पण मालकाचं ऐकत नाही. बसमध्ये बसलाय आणि पुढे कुत्रं आडवं आलं, की पाय खाली. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली, की पाय खाली. सरांचा तर झोपेतसुद्धा चालायचा. लग्न झाल्या झाल्या बाई एकदा दचकून उठून बसल्या होत्या, नवऱ्याला झटका वगैरे आला की काय म्हणून! मग कळलं, स्वप्नात कुणीतरी शिकाऊ माणूस गाडी घेऊन थेट भिंतीवर निघाला होता आणि सर त्याला आवरत होते.

सर म्हणजे बाईंचे यजमान. बाई आधी त्यांच्याकडे गाडी शिकल्या आणि मग त्यांच्याशी लग्न केलं, त्यामुळे तोंडात बसलेलं 'सर' काही शेवटपर्यंत सुटलं नाही. पुढे दोघांनी मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गल्लीच्या तोंडाशी घर, खाली स्कूलची खोली, वर राहायची जागा.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी आणखी एक ब्रेक असतो. तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला आतून जोडलेला असतो. शिकवणाऱ्यानं दाबला की गाडी थांबते. सरांची तो दाबायची एक पद्धत होती. आधी दोनदा हलकेच, दारावर टकटक करावी तसं. म्हणजे, 'अगं, पुढे बघ.' बघितलं तर ठीक, नाही तर मग खरा ब्रेक. ती टकटक बाईंच्या तळपायाला पाठ होती.

"आणि गाडी चालवताना माझ्याकडे बघायचं नाही," सर प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दटावायचे. "मी काही सिनेमातला हिरो नाही. नजर रस्त्यावर."

दोन वर्षांपूर्वी सर त्याच शेजारच्या सीटवर गेले. गाडी चालवत होती त्यांची मुलगी, ठमी. सरळ, मोकळा रस्ता होता आणि गाडी मध्येच थांबली. ठमीला वाटलं, बाबांनी ब्रेक दाबलाय, थट्टा करताहेत. थट्टेची सवय होतीच त्यांना. "बाबा, पाय काढा ना," ती म्हणत राहिली. "बाबा, मागचे हॉर्न मारताहेत. पुरे ना आता. पाय काढा." बराच वेळ म्हणत राहिली, समोर बघत. नजर रस्त्यावर, असं त्यांनीच शिकवलेलं ना! शेवटी वळून पाहिलं तेव्हा सर केव्हाच गेलेले होते आणि त्यांचा पाय ब्रेकवर नुसता पडलेला होता. गाडी कडेला घ्यायची म्हणून तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. त्या दिवसाबद्दल ती आईशी एकच वाक्य बोलली. "किती जड होता गं, आई."

त्यानंतर ती स्टिअरिंगला शिवली नाही.

२

आता मात्र शिवणं भाग होतं. ठमीला नोकरी लागली होती. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचे, त्यांना पुन्हा उभं करायचं. याच कामासाठी ती इतकी वर्षं अभ्यासात मान मोडून बसली होती. अट एकच, गाडी स्वतः चालवत जायचं. लायसन्सच्या परीक्षेची तारीखही मिळाली होती, आणि ही पोरगी गाडीत बसली की हाताला घाम, तोंड पांढरं, किल्ली फिरवायच्या आत दार उघडून बाहेर.

"मी त्यांना नाही म्हणून कळवते," ती एक दिवस म्हणाली आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

बाईंनी आपलंही ताट बाजूला सारलं. नवरा गेला तो गेला, पण पोरही त्याच रस्त्यावर अडकून पडावी, हे त्यांना सोसवेना. जगाला गाडी शिकवणाऱ्या बाई, आणि घरात ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तोड काढली खटपट्यानं. खटपट्या म्हणजे गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, बहुधा त्याच्याही नसावं. तो म्हणाला, "बाई, रस्त्यावर भीती वाटते ना? मग रस्ताच खोलीत आणू. कॉम्प्युटरला लावायचं स्टिअरिंग मिळतं, पेडलं मिळतात. शर्यतीवाली पोरं वापरतात. त्यात शहरातल्या रस्त्यांचं पण सॉफ्टवेअर आहे. धडकली तर धडकली, पत्रा कुणाचा वाकतोय!"

तो दुपारी आला, खोकी उघडली, आणि स्कूलच्या खोलीत थर्माकोलचा कचराच कचरा झाला. वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याखालचं मोठं टेबल त्यानं पुढे ओढलं, त्याच्या कडेला पकडी आवळून चाक बसवलं. पेडलं फरशीवरून पळायला लागली, म्हणून मागे भिंतीला टेकवून लाकडाची फळी ठोकली. वायरी एकात एक घातल्या आणि बटण दाबलं.

चाक आपोआप फिरलं. कुणी हात न लावता एका बाजूला पार शेवटपर्यंत, तिथून दुसऱ्या बाजूला पार शेवटपर्यंत, आणि मग सावकाश मध्यावर येऊन थांबलं. बाईंचा पाय जमिनीवर आपटला.

"अगं बाई! हे काय भुताटकीसारखं?"

"काही नाही हो, आपला आवाका मोजून घेतंय," खटपट्या हसला. "चालू केलं की प्रत्येक वेळी घेणार. आळस देतंय समजा."

बाई टेबलाभोवती एक चक्कर मारून आल्या. सगळं छान होतं, पण त्यांना काहीतरी खटकत होतं. शेवटी त्यांच्या लक्षात आलं.

"अरे, माझा ब्रेक कुठाय?"

"तुमचा कशाला? ही काय खरी गाडी आहे?"

"ते मला नको सांगूस. शेजारी बसायचं आणि पायाखाली ब्रेक नाही? मला बसवणारच नाही. आणि तिला कळायला नको का, की आई सांभाळायला आहे?"

दुसऱ्या कुणाला ही गोष्ट सुचली नसती. पण हे पडलं ड्रायव्हिंग स्कूलचं घर. बाई जिन्याखालच्या कपाटातून एक जुनं पेडल घेऊन आल्या. सर गेले ती गाडी भंगारात काढली होती, पण शेजारचा ब्रेक स्कूलवाले सहसा टाकत नाहीत. या गाडीतून काढायचा, त्या गाडीत बसवायचा. हा काही बाईंनी नव्या गाडीत बसवला नव्हता. नुसता ठेवून दिला होता. त्याच्या रबराचा एक कोपरा सरांच्या बुटानं पार झिजला होता.

खटपट्यानं पेडल उलटसुलट करून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि त्याला आतून दाब मोजणारा सेन्सर बसवून, वेगळी वायर काढून, ते स्क्रूनं फळीवर घट्ट पिळून टाकलं. शेजारच्या खुर्चीच्या बरोबर समोर, टेबलाखाली.

३

आता सॉफ्टवेअर. पडद्यावर पेडलांच्या उभ्या पट्ट्या आल्या. पेडल दाबलं की पट्टी वर चढते, सोडलं की खाली शून्यावर येते. प्रत्येक पेडल एकदा पूर्ण दाबायचं, एकदा पूर्ण सोडायचं, की कॉम्प्युटरला त्याची ओळख पटते. ॲक्सिलरेटर झाला, क्लच झाला, मोठा ब्रेक झाला. मग खटपट्यानं वाकून जुनं पेडल हातानं दाबलं, सोडलं, आणि पडद्याकडे वळला.

"बाई, सोडा."

"काय सोडू?"

"पेडल. पाय काढा. पट्टी खाली येत नाहीये."

बाई किल्ल्यांच्या खुंट्यांपाशी उभ्या होत्या, चहाचा कप हातात धरून. पेडलापासून चांगल्या चार पावलांवर. खटपट्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. पट्टी तळापासून बोटभर वर होती आणि तिथंच थांबली होती.

"स्प्रिंग म्हातारी झालीय," तो म्हणाला.

त्यानं स्प्रिंग बदलली. वायर बदलली. दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. चाकानं पुन्हा आपोआप आळस दिला, बाईंचा पाय पुन्हा आपटला, आणि पट्टी पुन्हा बोटभर वर येऊन बसली. खटपट्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्यासारख्याला हार मानणं म्हणजे जिवावरच येतं.

"जाऊ दे, डेडझोन देतो," तो म्हणाला. "म्हणजे सॉफ्टवेअरला सांगायचं, एवढ्या दाबाकडे काणाडोळा कर. बोटभराच्या वर गेला तरच ब्रेक समज. झालं काम."

"म्हणजे दाब राहणार, फक्त आपण बघायचं नाही?"

"अर्धी दुनिया त्याच्यावरच चालते, बाई."

बाई हसल्या. पण तो गेल्यावर त्या कितीतरी वेळ कप हातात धरून उभ्या होत्या. बोटभर दाब त्यांना अनोळखी नव्हता. तयारीतला पाय तेवढाच टेकतो. दाबत नाही, नुसता ठेवलेला असतो, वेळ आली तर असावा म्हणून.

४

त्या दिवसापासून बाईंचा पाय वर ठरेना. उगाच काहीतरी निमित्त काढून खाली यायच्या. चष्मा राहिला, पंखा चालू राहिला, दाराला कडी घातली की नाही. खाली यायच्या आणि कॉम्प्युटर लावून ती पट्टी बघत बसायच्या. बोटभर. कधी जरा कमी, कधी जरा जास्त.

त्या काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. त्यांनी पेडलाखाली कागदाची घडी घालून पाहिली. फरशी उतरती असेल म्हणून फळी सरकवली. दमट हवेनं असं होतं, असं खटपट्या म्हणाला होता, म्हणून खोलीत दुपारभर पंखा लावून ठेवला. एकदा वाकून पेडल त्यांनी हातानं वर उचलून धरलं. पट्टी शून्यावर आली. हात काढला तरी शून्यावरच राहिली. "हात्तिच्या! एवढंच होय," असं म्हणून त्या उठल्या, तर पट्टी हळूहळू वर आली. कुणीतरी जागेवर बसून, जरा सावरून, मग पाय ठेवावा तशी.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. पण खोटं कशाला सांगा, भीतीच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं. त्यांनी दार लावून घेतलं, स्वतः चाकापुढे बसल्या आणि पडद्यावरची गाडी सुरू केली. पडद्यावरच्या शहरात माणूस नव्हतं. दुकानं बंद, खिडक्या सारख्या, रस्ते स्वच्छ. बाईंनी गाडी मुद्दाम एका भिंतीच्या दिशेनं घातली. वेग वाढवला. हातातलं चाक खऱ्यासारखं थरथरायला लागलं.

टक. टक.

शेजारच्या ब्रेकची पट्टी दोनदा हलकेच उडाली. मग पूर्ण वर गेली आणि गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.

बाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं नाही. नजर रस्त्यावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "अहो, कळलं कळलं," त्या म्हणाल्या. "एवढी काही वाईट नाही चालवत मी."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खटपट्याला पुन्हा बोलावलं नाही. सेन्सर बदलायला हवा होता, पेडल काढायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण कुणी आपलं माणूस घरी परत आलं, तर कोण दाराला कुलूप घालतं?

५

ठमी आधी उंबऱ्यातूनच चाकाकडे बघून परत गेली. मग एकदा बसली आणि लगेच उठली. मग एका दुपारी बाईंनी तिला बोलण्यात गुंतवून बसवलं आणि तिनं पडद्यावरची गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली.

"धडकले तर?"

"धडक की. भिंत काही ओरडत नाही."

ती खरंच धडकली, आणि चाकाला असा हिसका बसला की दोघी एकदम किंचाळल्या आणि मग हसतच सुटल्या. त्या घरात किती दिवसांनी हसण्याचा आवाज झाला! हळूहळू ठमीचे खांदे खाली आले. चौक जमायला लागले, वळणं जमायला लागली. बाई शेजारच्या खुर्चीत बसायच्या, पाय जुन्या पेडलाच्या जरा अलीकडे ठेवून. कधीमधी ठमी वेगात चौकात घुसायची आणि पट्टी दोनदा उडायची. "आई, कळलं गं," ठमी म्हणायची. बाई आपला पाय आणखी मागे घ्यायच्या. आपण तिघं आहोत, असं त्यांना वाटायचं, आणि आतून ऊब यायची.

मग एका दुपारी ठमी सरळ रस्त्यावर होती. पडद्यावरच्या त्या शहराबाहेर एक लांबच लांब रस्ता होता. दोन्ही बाजूंना शेतं, समोर आभाळ. ना वळण, ना चौक, ना भिंत. आणि गाडीचा वेग उतरायला लागला. पट्टी वर चढत होती. आधी टकटक नाही, काही नाही. सावकाश, कुठंही न अडखळता, पार वरपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. गाडी रस्त्याच्या मध्यावर थांबली.

"काय झालं?" ठमीनं विचारलं. "तू दाबलास?"

"हो गं. चुकून," बाई म्हणाल्या.

जरा वेळानं पट्टी खाली आली. ठमीनं गाडी पुढे काढली. पण बाईंच्या अंगावर काटा आला होता तो काही जाईना. सरांनी मोकळ्या रस्त्यावर असा ब्रेक जन्मात मारला नव्हता. मागून येणारा धडकेल, असं म्हणून ते दुसऱ्यांना शिव्या घालायचे. आणि ते दाबणं तरी कुठं होतं? दाबणारा पाय कमीजास्त होतो, जिवंत असतो. हा एकसारखा होता. पडलेल्या वस्तूच्या वजनासारखा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच रस्त्यावर, आणि जास्त वेळ. बाईंनी ठमी वर गेल्यावर डेडझोन वाढवला. बोटभराचा वीतभर केला, मग अर्धी पट्टी केला. पण दाब त्याच्याही वर जाऊन बसला. आणि त्या ओळखीच्या टकटकीचा आता पत्ता नव्हता. बाई एकट्या बसून भिंतीवर गाडी घालायच्या, धाडकन आपटायच्या, पुन्हा घालायच्या. "अहो," त्या म्हणायच्या, "अहो, टकटक तरी करा." गाडी भिंतीवर आपटत राहिली. थांबली ती फक्त सरळ रस्त्यावर.

मग बाईंना उमगलं, आणि त्या खुर्चीतून उठून जिन्यावर जाऊन बसल्या. पहिले काही दिवस जे होतं ते सरांच्या पायाची सवय होती. आता त्यापुढचं आलं होतं, शेवटच्या दिवशीचं, ब्रेकवर नुसतं पडलेलं वजन.

६

परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली. ठमी सकाळपासून घरभर फिरत होती. खिडकी उघड, खिडकी लाव. "आई, शेवटची एक फेरी मारूया का?" ती चारच्या सुमाराला म्हणाली. "मग उद्या सकाळी खऱ्या गाडीत बसते. बसते म्हणजे बसतेच." तिच्या तोंडून हे ऐकायला बाई महिनाभर झुरत होत्या.

"तू चहा घे, तोवर मी चालू करते," असं म्हणून त्या आधी खाली उतरल्या. कॉम्प्युटर लावला, चाकानं आळस दिला, आणि बाईंनी मागे वाकून जुन्या पेडलाची वायर उपटली. पडद्यावरून शेजारच्या ब्रेकची पट्टी नाहीशी झाली. उरला एकच ब्रेक, ठमीच्या पायाखालचा. पेडल फळीसकट उचलून बाहेर नेऊन ठेवायला हवं होतं, पण तेवढं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी वायरीचं टोक गुंडाळून आपल्या ओच्यात खोचलं आणि खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या.

ठमी आली. चाक धरलं. सुरेख चालवायला लागली. चौकात थांबली, वळणावर आरसा पाहिला, गिअर असा अलगद टाकला की सरांनी पाठ थोपटली असती. बाहेर ऊन होतं. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. गाडी शहराबाहेर पडली आणि पडद्यावर तो रस्ता आला. शेतं, आभाळ.

वेग उतरायला लागला.

बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं एकच ब्रेक होता आणि त्याची पट्टी वर चढत होती. ठमीचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. बाईंना तो स्वच्छ दिसत होता. गाडी थांबली.

"आई, पाय काढ ना," ठमी म्हणाली. समोर बघत.

बाईंचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीखाली होते. त्यांनी ते घट्ट धरले होते. "हो," त्या म्हणाल्या. "काढते हं."

"काढ ना गं. मागून कुणी आलं तर?" मागून येणारं कुणी नव्हतं त्या शहरात. ठमीच्या कपाळावर घाम दिसायला लागला. चाकावरची बोटं पांढरी पडली. "पुरे ना आता. थट्टा पुरे. पाय काढा."

काढा, म्हणाली ती. बाईंनी ऐकलं.

"पाय काढा ना, बाबा," ठमी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दोन वर्षांपूर्वीचा. नजर रस्त्यावरून हलत नव्हती. आता ही वळून बघणार, हे बाईंना कळलं. पुन्हा एकदा वळून बघणार, आणि मग ही पोरगी कुठल्याच गाडीत, कुठल्याच रस्त्यावर, कधीच...

"ठमे, नजर रस्त्यावर!" बाई ओरडल्या. सरांसारख्या. "इकडे बघायचं नाही. वायर अडकलीय. मी काढते. तू समोर बघ."

आणि त्या खुर्चीवरून उतरून टेबलाखाली गेल्या.

७

टेबलाखाली उजेड कमी होता. वायरींचा गुंता, फळी, ठमीचे मोजे घातलेले पाय, आणि या बाजूला, भिंतीला लागून, अंधार जरा जास्त होता. जुनं पेडल पार खाली गेलेलं होतं. त्याच्या रबराचा झिजलेला कोपरा तेवढा दिसत होता. बाकीचं रबर दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर काहीतरी होतं.

बाईंनी तिकडे नीट पाहिलं नाही. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. डोळे ठमीच्या मोज्यांवर ठेवले आणि हात पुढे केले.

हाताला आधी चामडं लागलं. मग नाडी, दोनदा गाठ मारलेली. मग घोटा.

"अहो," बाई पुटपुटल्या. "सोडा आता. पोर आहे आपली."

पाय काही हलला नाही. हलवायला त्याच्यात कुणी नव्हतंच. तो नुसता पडलेला होता. बाईंनी एक हात टाचेखाली घातला, दुसरा घोट्याखाली, आणि उचललं. देवा रे! किती जड, ते ठमी बोलली होती, पण सांगून कळण्यातलं ते नव्हतंच. बाईंच्या खांद्यात कळ आली, गुडघे फरशीवर घासले. त्यांनी दात आवळले आणि पाय पेडलावरून बोटभर वर आला, मग वीतभर, मग त्यांनी तो ओढून आपल्या मांडीवर घेतला.

वर गाडीचा आवाज बदलला.

"सुटली!" ठमी ओरडली. "आई, सुटली! बघ, निघाली गाडी."

"चालव," बाई खालून म्हणाल्या. "थांबू नकोस. चालव."

गाडी निघाली. ठमीचा पाय ॲक्सिलरेटरवर अलगद दबत होता, क्लचवरून सुटत होता, सगळं अगदी शिकवल्यासारखं. बाईंनी मांडीवरचा तो पाय खाली ठेवायचा एकदा प्रयत्न केला. जरा कुठं सैल सोडला, तर तो आपसूक घसरून पेडलाच्या बाजूला कलला. त्यांनी झटकन पुन्हा वर घेतला, छातीशी धरला. दोन वर्षांपूर्वी ठमीनं तो बाजूला ठेवला होता. बाजूला म्हणजे कुठे, ते बाईंनी तिला कधी विचारलं नव्हतं.

"आई, खाली काय करतेस इतका वेळ?"

"वायर धरलीय. सैल आहे. तू बघू नकोस खाली."

"किती वेळ धरणार?"

"तुझं होईपर्यंत."

ठमी हसली. मोकळं, लहानपणीचं. "आई, जमतंय गं मला. खरंच जमतंय. उद्या पास झालेच बघ मी."

उद्या. उद्याची गाडी नवी होती, तिचा शेजारचा ब्रेक नवा होता, त्याचा आणि या पेडलाचा काही संबंध नव्हता. त्या स्वतःला हेच समजावत होत्या. पण या पेडलाची वायर तर त्यांच्या ओच्यात होती, तरी गाडी थांबलीच होती. आणि उद्या शेजारच्या सीटवर परीक्षा घेणारे साहेब बसणार होते. बाईंना परीक्षेच्या कचेरीच्या फाटकापाशी उभं राहावं लागणार होतं. रस्ता खरा असणार होता, मागून येणारे खरे असणार होते, आणि खाली वाकून धरायला कुणी नसणार होतं.

"आई, झाली फेरी," वरून ठमी म्हणाली. "बंद करू?"

"नको!" बाई म्हणाल्या. मग आवाज जरा सावरून, मांडीवरचं ते ओझं दोन्ही हातांनी घट्ट धरून, पुन्हा म्हणाल्या, "आणखी एक मार. आणखी एकच मार, राणी."